खिशातला नवा करार: फुकट मिळणाऱ्या पुस्तकाचं परीक्षण, एका ख्रिस्ती आणि एका निरीश्वरवादी नजरेतून

जालना, परभणी, नांदेडच्या स्टेशनांवर, बसस्थानकांच्या बाहेर, दवाखान्यांच्या आवारात आणि लातूरच्या शिकवणीच्या गल्ल्यांत तळहाताएवढं एक पुस्तक फुकट हातात पडतं. आत नवा करार, म्हणजे बायबलचा येशूपासून पुढचा भाग असतो, मागे बहुतेक वेळा जुन्या करारातली स्तोत्रसंहिता, कधी नीतिसूत्रेही. हे परीक्षण त्या पुस्तकाचं आहे, आणि त्याच्या मागोमाग येणाऱ्या वस्तूंचंही: प्रार्थनेनं रोग बरे करण्याच्या आरोग्यसभेचं हँडबिल, लेकरांच्या मनगटातलं रंगीत मण्यांचं ब्रेसलेट, मोबाइलवरचं अ‍ॅप. लिहिणारे आम्ही दोघं आहोत. एक ख्रिस्ती, मंडळीत बायबल शिकवणारा. दुसरा निरीश्वरवादी, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामातला. देव आहे की नाही यावर आमचं एकमत होणार नाही. पुस्तक कसं द्यावं आणि कसं देऊ नये यावर मात्र बरंचसं झालं. जिथं झालं नाही तिथं तसं लिहिलं आहे.

आधी पुस्तक म्हणून पुस्तक. कागद पातळ, मागच्या पानाची अक्षरं पुढे उमटलेली दिसतात. टाइप इतका बारीक की चाळिशी लागलेल्या माणसानं संध्याकाळच्या उजेडात वाचायचा प्रयत्न करू नये. आवरण मऊ प्लास्टिकचं असेल तर एप्रिल-मेच्या उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नका, एकमेकांना चिकटतं. शिलाई मात्र सहसा पक्की असते आणि शर्टाच्या खिशात बसण्याचं काम ते चोख करतं. भाषा जुन्या वळणाची, चर्चमध्ये वाढलेल्यांच्या कानाला सरावाची. बाहेरचा वाचक पहिल्या पानावरच अडखळतो, त्याला भाषेपेक्षा जास्त जबाबदार आहे पुस्तकाचा क्रम. सुरुवातीलाच मत्तयाचं शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या चार चरित्रांपैकी पहिलं, आणि ते वंशावळीनं सुरू होतं. सतरा ओळी नावंच नावं. आमच्या पाहण्यात बहुतेक प्रतींची पहिली दोन पानं मळलेली असतात आणि पुढची कोरी.

म्हणून वाचायचं असेल तर मार्कपासून सुरू करा. सोळाच अध्याय आहेत, मोठ्यानं वाचलं तरी दीड-दोन तासांत संपतात. अभ्यासक चारही शुभवर्तमानांत त्यालाच सर्वात जुनं मानतात, साधारण इ.स. ७० च्या आसपासचं. ख्रिस्ती माणसाला त्यात येशू सर्वात जवळून भेटतो आणि निरीश्वरवाद्याला पुढच्या लेखकांनी काय काय भर घातली हे तपासायला पाया मिळतो. दोघांचीही शिफारस एकच निघाली. त्यानंतर लूक, मग प्रेषितांची कृत्ये. प्रकटीकरण, म्हणजे नव्या कराराचं अखेरचं पुस्तक, सर्वात शेवटी. कुणी पहिल्याच भेटीत प्रकटीकरण उघडून जगाच्या अंताची तारीख सांगू लागला तर पुस्तक ठेवा आणि माणूस टाळा.

एक उणीव मोठी आहे: पूर्ण जुना करार नाही. नव्या करारात पानोपानी जुन्याचे दाखले येतात आणि ते पडताळायला खिशातल्या प्रतीत स्तोत्रं-नीतिसूत्रं सोडली तर काहीच नसतं. पडताळणं ज्यांना महत्त्वाचं वाटतं त्यांनी पूर्ण बायबल घ्यावं, किंवा यूव्हर्जनचं अ‍ॅप. त्यात मराठी मजकूर फुकट आहे आणि खातं न उघडताही वाचता येतो. गावात ज्याला कुणाच्या नजरेत न येता वाचायचं आहे त्याला अ‍ॅपच बरं.

हे फुकट वाटतं कोण? सर्वात जुनी ओळखीची संस्था म्हणजे गिडियन्स. १८९९ मध्ये अमेरिकेत फिरत्या विक्रेत्यांनी ती काढली आणि १९०८ पासून हॉटेलच्या खोल्यांत बायबल ठेवायला सुरुवात केली. खिशातल्या प्रती वाटणं हे आजही तिचं मुख्य काम. पण इतर मंडळ्याही आपापल्या प्रती छापून वाटतात. सगळ्यांना मिळून आपल्याकडे लोक ‘येशूवाले’ म्हणतात. त्यात फरक करायला हवा, कारण वाटण्याच्या पद्धतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कॅथलिक फादर सहसा रस्त्यावर पुस्तक वाटत नाहीत. त्यांच्याकडे प्रौढ माणसानं बाप्तिस्मा मागितला तर आधी बरेच महिने, बहुधा वर्षभर, शिकवणी चालते. स्वतंत्र पेंटेकॉस्टल मंडळ्यांत काही पास्टर वर्षभर थांबवतात, काही महिन्याभरात बाप्तिस्म्यासाठी विहिरीवर नेतात. तक्रारी बहुतेक या दुसऱ्या प्रकारातून उठतात आणि बोल मात्र सगळ्यांना लागतो.

ख्रिस्ती माणूस हे का करतो, हे न समजता त्याला दोष देणं सोपं आहे. मत्तयाच्या शेवटी येशूनं शिष्यांना सर्व राष्ट्रांत जाऊन शिकवायला सांगितलं आहे, आणि विश्वास ठेवणाऱ्याला ती आज्ञा ऐच्छिक वाटत नाही. आपल्याला जीवनाची वाट सापडली असं ज्याला खरोखर वाटतं, तो गप्प बसला तर त्याच्या प्रेमाबद्दलच शंका घ्यावी लागेल. गंमत म्हणजे हे मत अत्यंत ठासून मांडणारा माणूस निरीश्वरवादी आहे. पेन जिलेट हा अमेरिकन जादूगार. प्रयोगानंतर एका प्रेक्षकानं त्याला असाच खिशातला नवा करार भेट दिला. त्यावर तो म्हणाला त्याचा आशय असा: अनंतकाळचं जीवन आहे असं तुम्ही मानत असाल आणि केवळ अवघडलेपणामुळे मला सांगत नसाल, तर तुम्ही माझा किती द्वेष करत असाल! देणारा नजरेला नजर देऊन, सभ्यपणे बोलला हे त्यानं आवर्जून सांगितलं. आणि देव नाही हे आपलं मत त्या भेटीनं बदललं नाही, हेही.

आमच्यातल्या निरीश्वरवाद्याला ही भूमिका अर्धी मान्य आहे. पटवायला येणाऱ्याचा त्याला राग नाही; तो स्वतःही पटवायला जातो. त्याचा आक्षेप वेगळा: पटवणं म्हणजे कारणं देणं. भीती दाखवणं, आजारपणाची वेळ गाठणं, फी भरून देणं ही कारणं नव्हेत. दुसरी गोष्ट तो अशी मांडतो की धर्म बदलण्याचा हक्क मोडीत निघाला तर धर्म सोडण्याचाही निघतो. राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमात विवेकाचं स्वातंत्र्य आहे, आणि त्यात न मानणाराही येतो. मुंबई उच्च न्यायालयानं २०१४ मध्ये निकाल दिला की सरकार कुणालाही धर्म जाहीर करायची सक्ती करू शकत नाही, ‘कोणताही धर्म नाही’ असं सांगण्याचा हक्क माणसाला आहे. हा निकाल ज्यांच्या अर्जावर लागला ते निरीश्वरवादी नव्हतेच. ते येशूला मानणारे होते, पण स्वतःला कोणत्याच धर्माचे म्हणवून घ्यायला तयार नव्हते. राजपत्रात तशी नोंद करायला नकार मिळाला म्हणून ते कोर्टात गेले. विश्वासणाऱ्यांनी मिळवलेला हक्क आज न मानणाऱ्याच्या कामी येतो.

त्याच कलमातल्या प्रसाराच्या हक्काला सर्वोच्च न्यायालयानं १९७७ मध्ये हद्द घातली. रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात पाच न्यायाधीशांनी म्हटलं की आपल्या धर्माची तत्त्वं सांगायचा हक्क आहे, दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणायचा हक्क त्यात येत नाही. म्हणजे पुस्तक देणं, वाचून दाखवणं, उत्तर देणं इथपर्यंत देणाऱ्याचा हक्क. पुढचं पाऊल घेणाऱ्याचं, आणि ते त्यानं स्वतः टाकायचं.

आता पुस्तकाच्या शेवटच्या पानाकडे या. सगळ्यात जास्त बोलायचं ते याच पानाबद्दल. अशा अनेक प्रतींच्या अखेरीस एक निर्णयाचं पान असतं. मी पापी आहे हे कबूल करतो, येशू माझ्या पापांसाठी मेला यावर विश्वास ठेवतो, त्याला तारणारा म्हणून स्वीकारतो, अशा अर्थाचा मजकूर. खाली नाव आणि तारीख लिहायला रिकाम्या रेघा. छापणाऱ्यांचा हेतू असा की वाचून मन वळलेल्या माणसाला त्या क्षणाची खूण ठेवता यावी. घरी एकट्यानं, वाचून झाल्यावर भरलं तर ठीक. प्रत्यक्षात बिघडतं ते असं: देणारा शेजारी उभा राहतो, पेन पुढे करतो, आणि घेणारा भिडेखातर सही करून मोकळा होतो. मराठवाड्यात पाहुण्याला नाही म्हणायची रीत नाही. चहा नको म्हणतानासुद्धा आपण दहा कारणं देतो. अशा सहीला ख्रिस्ती शिकवणीत काडीची किंमत नाही. एकाही जबाबदार मंडळीत तो बाप्तिस्मा धरला जात नाही. कायद्यानं धर्म त्या सहीनं बदलत नाही. पण तीच प्रत उद्या भावकीच्या हाती लागली की ‘हा बाटला’ याचा लेखी पुरावा म्हणून गावभर फिरते. फायदा शून्य आणि जोखीम सगळी घेणाऱ्याच्या माथी.

आमच्यातल्या ख्रिस्ती लेखकाचं म्हणणं तर असं की हे पान पुस्तकाच्याच विरोधात जातं. लूकच्या चौदाव्या अध्यायात येशू सांगतो की बुरूज बांधायला निघालेल्यानं आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, नाहीतर पाया घालून काम अडेल आणि लोक हसतील. मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात, एका माणसाला आपल्या पंथात ओढण्यासाठी समुद्र आणि जमीन पालथी घालणाऱ्यांवर येशू कोरडे ओढतो. हे अध्याय ज्या पुस्तकात आहेत, त्याच्याच शेवटी विचार न करता भरायचा फॉर्म नको. २०११ मध्ये जागतिक चर्च परिषद, व्हॅटिकनची आंतरधर्मीय संवाद परिषद आणि जागतिक इव्हँजेलिकल संघटना यांनी मिळून धर्मप्रसाराची आचारसंहिता जाहीर केली. धर्म बदलणं हे निर्णायक पाऊल आहे, त्यासाठी विचाराला आणि तयारीला पुरेसा वेळ मिळाला पाहिजे, आणि गरिबीचा, गरजेचा फायदा घेणं, पैशाची किंवा इतर कशाचीही लालूच दाखवणं वर्ज्य, असं त्यात स्पष्ट आहे. आपल्याकडे तर याहून मोठं उदाहरण घरातलं. बाबासाहेबांनी येवल्यात घोषणा केली १३ ऑक्टोबर १९३५ ला आणि नागपुरात दीक्षा घेतली १४ ऑक्टोबर १९५६ ला. मध्ये एकवीस वर्षं गेली. अनेक धर्मांचे लोक त्यांना भेटून गेले, आणि ते वाचत राहिले.

खर्चाचा हिशेब म्हणजे नेमका काय, हे देणारे सांगत नाहीत आणि बहुतेकांना माहीतही नसतं. अनुसूचित जातीच्या माणसानं बौद्ध धम्म घेतला तर १९९० च्या दुरुस्तीपासून त्याचा दर्जा टिकतो. ख्रिस्ती झाला तर १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार जातो, आणि त्या दर्जावर उभं असलेलं आरक्षण आणि अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचं संरक्षणही जातं. कागदावर जात तशीच ठेवून चर्चला जायचं, ही पळवाट अनेक जण सुचवतात. आमच्या मते ती सुचवणारा विश्वासणारा प्रामाणिक नाही, आणि प्रमाणपत्र पडताळणीत भोगतो तो ऐकणारा. अनुसूचित जमातीला ही अट नाही, त्यामुळे हिंगोली-नांदेडकडच्या आंध या आदिवासी समाजातल्या माणसाचा हिशेब वेगळा. वडिलोपार्जित मिळकतीतला हिस्सा धर्मांतरानं जात नाही. पण हिंदू वारसा कायद्याच्या कलम २६ नुसार धर्मांतरानंतर झालेल्या मुलांना, वारसा उघडताना ती स्वतः हिंदू नसतील तर, हिंदू नातेवाइकांचा वारसा मिळत नाही. नवरा किंवा बायको यांपैकी एकानं धर्म बदलला तर हिंदू विवाह कायद्याखाली दुसऱ्याला घटस्फोटाचं कारण मिळतं. हे कायदे बौद्ध, जैन, शिखांनाही लागू आहेत. पुस्तकाच्या शेवटच्या पानाऐवजी एवढा मजकूर छापला तरी घेणाऱ्याचं भलं होईल.

पुस्तकाला आम्ही नापास करत नाही. हँडबिलाला करतो. ‘प्रार्थनेनं सर्व रोग बरे’ असं छापून खाली यादी: कॅन्सर, शुगर, फिट, अर्धांगवायू, मूलबाळ नसणं, करणी, दारू. दारूबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण प्रार्थनेला जाऊन दारू सुटलेली माणसं आहेत, आणि हे निरीश्वरवादी लेखकही मान्य करतो. रोजची सोबत, गाणी, रात्री-अपरात्री येणारा फोन, घरच्यांचा विश्वास परत मिळणं, याचा तो परिणाम आहे असं त्याचं मत. देवाचं काम आहे असं ख्रिस्ती लेखकाचं. दोघांनाही ती माणसं सुधारली याचा आनंद आहे. बाकीची यादी धोक्याची. फिटची गोळी एकदम बंद केली की झटके उलटून येतात, पहिल्यापेक्षा वाईट. क्षयाचं औषध मध्येच सोडलं की जंतू औषधाला दाद देईनासे होतात. इन्सुलिन सोडल्यावर काय होतं ते कोणत्याही सरकारी दवाखान्याच्या अपघात विभागात विचारा. मार्काच्या शेवटच्या ओळी, साप उचलला तरी बाधणार नाही असं सांगणाऱ्या, या हँडबिलांवर हमखास असतात. त्या ओळी सर्वात जुन्या दोन हस्तलिखितांत, सिनाइटिकस आणि व्हॅटिकनसमध्ये, नाहीतच. तिथं मार्क सोळाव्या अध्यायाच्या आठव्या ओवीवर संपतो. तळटीप असलेल्या आवृत्त्या हे सांगतात. ज्या भागात पावसाळ्यात वावरात साप चावणं नेहमीचं आहे तिथं या ओळी हँडबिलावर छापणं गुन्ह्याइतकंच वाईट. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात सर्पदंश, विंचूदंश, कुत्र्याच्या चाव्यावर उपचार घेण्यापासून रोखणं शिक्षापात्र आहे: सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच ते पन्नास हजार दंड. तोच कायदा घरी, मंदिरात, दर्ग्यात, चर्चमध्ये होणाऱ्या निरुपद्रवी विधींना हात लावत नाही. म्हणजे आजाऱ्याच्या उशाशी बसून प्रार्थना करायला कुणाचीच आडकाठी नाही. डॉक्टरकडे जाऊ नको म्हणायला आहे. रोग बरा करण्याचा दावा छापील जाहिरातीत केला तर १९५४ च्या जादुई उपायांच्या जाहिरातींविषयीच्या कायद्याचा प्रश्नही उभा राहतो. आणि ज्या येशूचं नाव घेऊन हे चालतं त्यानं मार्काच्या पहिल्याच अध्यायात बऱ्या झालेल्या कुष्ठरोग्याला याजकाकडे, म्हणजे पुरोहिताकडे जाऊन तपासून घ्यायला पाठवलं होतं. त्या काळची तपासणी तीच.

ब्रेसलेट लहान मुलांसाठी. काळा मणी पाप, लाल रक्त, पांढरा शुद्धता, हिरवा वाढ, सोनेरी स्वर्ग. या रंगांची कल्पना स्पर्जन या इंग्लिश धर्मोपदेशकाच्या १८६६ च्या प्रवचनातली, तेव्हा तीनच रंग होते. सोनेरी मूडी या अमेरिकन धर्मोपदेशकानं १८७५ मध्ये जोडला, हिरवा नंतर आला. शिकवण्याचं साधन म्हणून हुशार आहे, पाच मिनिटांत अख्खी शिकवण लेकराच्या लक्षात राहते. पण ज्या घरातलं सावळं पोर आधीच रंगावरून चिडवलं जातं, त्याच्या मनगटावर काळ्याचा अर्थ पाप असा बांधू नका. आणि त्याहून मूळ मुद्दा: आई-बापाला न सांगता दुसऱ्याच्या लेकराला काहीच शिकवू नका. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत पालकाच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणात बसवता येत नाही, हे घटनेच्या अठ्ठाविसाव्या कलमातच आहे. लातूरच्या वसतिगृहांतली अकरावी-बारावीची पोरंही सतराचीच, घरापासून लांब, परीक्षेच्या ताणात. तिथं पुस्तक वाटणाऱ्यानं आपलं पोर त्या जागी ठेवून पाहावं. हा प्रश्न जालन्याच्या इतिहासातही आहे. जालन्याजवळ निजाम सरकारच्या जमिनीवर बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवणारे नारायण शेषाद्री १८४३ मध्ये मुंबईत ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत अल्पवयीन होता. कोर्टानं त्याला वडिलांच्या ताब्यात परत दिलं, आणि त्याला पुन्हा जातीत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले. मोठ्या भावाचा निर्णय त्याचा होता, धाकट्याचा होऊ शकत नव्हता.

इथं आमचं एक भांडण मिटलेलं नाही. शाळेत चमत्कारांचे प्रयोग दाखवणं, जिभेवर कापूर जाळणं, नारळातून करणी काढणं, त्यामागची युक्ती समजावणं, हे विवेकवाद्यांचं काम. ख्रिस्ती लेखक म्हणतो, वर्गातली मुलं उठून जाऊ शकत नाहीत, मग हाही तसाच प्रसार. निरीश्वरवादी म्हणतो, प्रयोग मुलं शिक्षकांसमोर स्वतः करून पाहू शकतात, त्यात विश्वास ठेवायला कुणी सांगत नाही. युक्ती दाखवून झाल्यावर वक्ता ‘म्हणून देव नाही’ इथपर्यंत घसरला तर तो हद्द ओलांडतो, हे मात्र त्यानं मान्य केलं. ‘म्हणून भोंदू खोटा’ इथं थांबावं.

देणाऱ्यांसाठी आता कामाचं. आधी विचारा, मग द्या. आधी हातात कोंबून मग हसणं हे विचारणं नव्हे. दवाखान्यात खाटेवर पडलेल्याला त्यानं मागितल्याशिवाय देऊ नका, कारण तो उठून जाऊ शकत नाही. ऊसतोडीला निघालेल्या टोळीला मुकादमाच्या समोर देऊ नका. तिथं हो आणि नाही दोन्ही मुकादमाच्या तोंडाकडे बघून येतात. धान्य, औषध, फी आणि पुस्तक एकाच दिवशी, एकाच हातानं कधीही देऊ नका. मदत करायचीच असेल तर पुस्तक नाकारलेल्या घरालाही तेवढीच करा, आणि ती गावाला दिसेल अशी करा. घेणाऱ्याचा मोबाइल नंबर मागू नका, आपला द्या. शेवटचं निर्णयाचं पान देण्याआधी फाडून टाका किंवा त्यावर कोरा कागद चिकटवा. बाप्तिस्मा कुणी मागितलाच तर किमान वर्षभर थांबवा, घरच्यांना माहीत आहे का ते विचारा, आणि वर लिहिलेला हिशेब त्याच्यासोबत वकिलाकडे बसून करा.

घेणाऱ्यांसाठी: नको असेल तर ‘नको’ पुरे, कारण देऊ नका. घेतल्यावर नकोसं झालं तर जाळू-फाडू नका, जवळच्या चर्चमध्ये परत द्या, ते ठेवून घेतात. सही करू नका. कुणी पुस्तकासोबत औषध सोडायला सांगितलं तर ते तोंडी असलं तरी तारीख आणि साक्षीदार लिहून ठेवा. आणि देणाऱ्या मंडळीनं पहिल्या पानावर आपलं नाव, पत्ता, फोनचा ठसा मारलेला आहे का ते पाहा. गावात ज्या प्रतींवरून भांडणं होतात त्या बहुतेक बिनपत्त्याच्या असतात.